सांध्यावरचे ३६० अंश : कोणता आकार फरशीला बसतो आणि कोणता नाही

आमच्या मंगळवार पेठेतल्या जुन्या घराला सोप्यासमोर मोठं अंगण आहे. तिथं पंचकोनी फरशी घालायची, फुलांच्या पाकळ्यांसारखी दिसेल, असं मी मनाशी पक्कं केलं होतं. शहाबादी दगडाचे चाळीस तुकडे कापून आणले. प्रत्येक बाजू २० सेंटिमीटर, पाचही बाजू सारख्या, पाचही कोन सारखे. गवंडी मामांनी पहिला तुकडा मांडला, त्याला लागून दुसरा, मग तिसरा. आणि थापी बाजूला ठेवली. ‘‘बाई, हितं फट ऱ्हातीया. चौथा काय हिच्यात शिरत न्हाई.’’

मी नववीला भूमिती शिकवते. पंचकोनाचा कोन १०८ अंशांचा असतो हे मला झोपेतही सांगता येतं. तीन कोपरे जुळले की ३२४ होतात, पूर्ण फेरीला ३६० लागतात, म्हणजे ३६ अंश उरणार. ही वजाबाकी दगड कापायला देण्याआधी करायला हवी होती. तुकडे परड्यात भिंतीला टेकवून ठेवले आणि त्या वर्षापासून वर्गात हा भाग मी वेगळ्या तऱ्हेनं शिकवायला लागले: सूत्र नंतर, आधी हातात पुठ्ठा. खाली तीच पद्धत पायरीपायरीनं लिहिली आहे. मुलांना आठवीपासून पुढं सहज जमेल. फरशी निवडायला निघालेल्यांनी दुकानात जाण्याआधी एक संध्याकाळ यासाठी काढावी, खर्च काहीच नाही.

चौक आणि तिकटी

ही कल्पना कोल्हापूरकराला समजायला सगळ्यात सोपी, कारण तिचे शब्द आपल्या तोंडात रोज असतात. बिंदू चौक, दसरा चौक म्हणजे चार बाजूंनी रस्ते येऊन मिळतात. पापाची तिकटी, मिरजकर तिकटी म्हणजे तीन रस्ते मिळतात. आता फरशीच्या सांध्यांना रस्ते समजा आणि फरश्यांना रस्त्यांच्या मधली घरं. साध्या चौकोनी फरशीत जिथं कोपरे जुळतात तो चौक. षटकोनी फरशीत प्रत्येक ठिकाणी तीनच कोपरे भेटतात, ती तिकटी.

चौकात उभं राहून स्वतःभोवती एक पूर्ण गिरकी घेतली की ३६० अंश होतात. तिथं कोपरा टेकलेली प्रत्येक फरशी या ३६० मधला आपला वाटा घेते. वाट्यांची बेरीज कमी पडली तर फट राहते, जास्त झाली तर एक फरशी दुसरीवर चढते. नेमकी ३६० झाली तरच तो सांधा बंद होतो. विटांच्या भिंतीतही हेच आहे. खालच्या विटेच्या मध्यावर वरच्या दोन विटांचा सांधा येतो. तिथं खालच्या विटेची सरळ बाजू १८० अंश देते आणि वरच्या दोन विटा ९०–९० देतात. तीही एक तिकटीच.

म्हणून माझं मुलांना पहिलं सांगणं असतं: आकाराच्या मध्याकडे बघत बसू नका, कोपऱ्यावर जाऊन उभे राहा. बसणं न बसणं तिथं ठरतं.

सामान

जुन्या लग्नपत्रिका जमवा. पत्रिकेचा पुठ्ठा जाड असतो, कडा मुडपत नाहीत आणि एका बाजूला रंग, दुसऱ्या बाजूला कोरा असतो. हा दोन बाजूंचा फरक पुढं फार उपयोगी पडतो. कंपासपेटी, कात्री, पेन्सिल आणि एक टाचणी. कंपासपेटीतल्या गुण्या आणि गवंड्याच्या हातातला लोखंडी गुण्या यांचं नाव एकच आहे आणि कामही एकच आहे, हे मुलांना आवर्जून दाखवा.

पायरी पहिली : कोपरे फाडा

एक कसाही त्रिकोण कापा. तिन्ही कोपऱ्यांवर अ, ब, क लिहा. आता कोपरे हातानं फाडा, कात्रीनं कापू नका. कात्रीनं कापलं की तुकड्याच्या सगळ्या कडा सरळ होतात आणि खरा कोपरा कुठला, हे मुलं हटकून विसरतात. फाडलेली कड ओबडधोबड राहते, त्यामुळे गोंधळ होत नाही. तिन्ही टोकं एका बिंदूला लावून शेजारी शेजारी ठेवा. सरळ रेघ तयार होते: १८० अंश.

हेच कुठल्याही चौकोनावर करा. चार कोपरे एकत्र आणले की बिंदूभोवतीचं पूर्ण वर्तुळ भरतं: ३६० अंश. हा क्षण घाईत घालवू नका. चौकोनाच्या चार कोनांची बेरीज आणि सांध्याला लागणारी बेरीज एकच निघाली आहे. पुढची मोठी गोष्ट इथंच दडलेली आहे.

पायरी दुसरी : सारख्या बाजूंच्या आकारांचा हिशेब

कुठंही आत न खचलेल्या बहुभुजाच्या एका कोपऱ्यातून बाकीच्या कोपऱ्यांकडे रेघा मारल्या की त्याचे त्रिकोण पडतात. पंचकोनाचे तीन, षटकोनाचे चार, म्हणजे बाजूंपेक्षा दोननं कमी. प्रत्येक त्रिकोणाचे १८०. म्हणून पंचकोनाच्या सगळ्या कोनांची बेरीज ५४०, षटकोनाची ७२०. आकार सुसम असेल, म्हणजे सगळ्या बाजू आणि सगळे कोन सारखे असतील, तर या बेरजेला बाजूंच्या संख्येनं भागा.

समभुज त्रिकोणाचा कोन ६०. ३६० ला ६० नं भागलं की ६ येतात. सहा त्रिकोण एका बिंदूभोवती बसतात. चौरसाचा ९०, चार बसतात. पंचकोनाचा १०८, भागाकार ३.३३, बसत नाही. षटकोनाचा १२०, तीन बसतात. सप्तकोनाचा कोन १२८ अंशांच्या थोडा वर जातो आणि तिथून पुढं भागाकार तीनच्या खाली घसरतो. बाजू कितीही वाढवल्या तरी कोन १८० ला पोचत नाही, म्हणून भागाकार दोनच्या खाली कधी येत नाही. दोन आणि तीन यांच्या मधे पूर्ण संख्याच नाही. त्यामुळे एकाच सुसम आकारानं, कोपऱ्याला कोपरा जुळवून फरसबंदी करायची तर त्रिकोण, चौरस आणि षटकोन हे तीनच. चौथा मिळणार नाही, आणि तो का मिळणार नाही हे सातवीतल्या भागाकारानं सिद्ध होतं. गणितातल्या इतक्या थोड्या कष्टात इतकं पक्कं उत्तर देणाऱ्या जागा फार नाहीत.

षटकोन कापायचा असेल तर कोनमापक लागत नाही. कंपासमध्ये ६ सेंटिमीटर अंतर घेऊन वर्तुळ काढा, अंतर न बदलता वर्तुळावर सहा खुणा करा, खुणा जोडा.

पायरी तिसरी : कसाही त्रिकोण, कसाही चौकोन

इथं मुलांच्या चेहऱ्यावर खरं आश्चर्य दिसतं, म्हणून मी यावर पूर्ण तास देते. वर्गात विचारते, ‘‘वेडावाकडा चौकोन, एकही बाजू दुसरीसारखी नाही, बसेल का?’’ बहुतेक जण नाही म्हणतात. तो बसतो. प्रत्येक चौकोन बसतो.

एका पुठ्ठ्यावर असा वाकडा चौकोन काढून कापा आणि तोच साचा धरून अजून अकरा तुकडे काढा. रंगीत बाजू वरच असली पाहिजे. सगळ्यांच्या कोपऱ्यांवर त्याच क्रमानं अ, ब, क, ड लिहा. पहिला तुकडा टेबलावर ठेवा. त्याच्या अब या बाजूचा मध्यबिंदू शोधा. दुसरा तुकडा बरोबर पहिल्यावर ठेवा, त्या मध्यबिंदूवर टाचणी रोवा आणि वरचा तुकडा अर्धी फेरी फिरवा. तो शेजारी येऊन बसतो, बाजूला बाजू तंतोतंत लागून. आता पहिल्याच्या अ पाशी दुसऱ्याचा ब आला आहे आणि ब पाशी अ. उरलेल्या तिन्ही बाजूंवर हेच करा, मग नव्या तुकड्यांच्या बाजूंवर. एखाद्या सांध्यावर चारही तुकडे जमले की अक्षरं वाचा: अ, ब, क, ड, प्रत्येक एकदाच. मगाशी फाडलेले चार कोपरे इथं आपोआप एकत्र आले आहेत.

मुलं दोन चुका करतात. तुकडा फिरवण्याऐवजी उलटा करतात, म्हणजे कोरी बाजू वर येते आणि पुढची सगळी जुळणी बिघडते. दुसरी चूक, समोरासमोरच्या बाजूंवर अक्षरं सारखी ठेवतात. लागून असलेल्या बाजूवर अ च्या शेजारी अ दिसला की तिथंच थांबून तुकडा फिरवायचा, एवढा एक नियम पुरतो.

बाणाच्या टोकासारखा, एका बाजूनं आत खचलेला चौकोनही याच रीतीनं बसतो. २४०, ५०, ३० आणि ४० अंशांचा करून बघा. २४० वाला खोल कोपरा बाकीच्या तिघांच्या टोकांनी बरोबर भरला जातो. आणि त्रिकोणाचं तर सोपंच आहे. दोन सारखे त्रिकोण एका बाजूनं, असेच अर्धी फेरी फिरवून जोडले की समांतरभुज चौकोन होतो, आणि चौकोन बसतो हे आपण आत्ताच पाहिलं.

घरातलं उदाहरण हवं असेल तर दिवाळीच्या आधी स्वयंपाकघरात बसा. शंकरपाळ्यांची पोळी लाटून कातणं एका दिशेनं फिरवलं, मग तिरकं दुसऱ्या दिशेनं फिरवलं. प्रत्येक छेदावर एक अरुंद, एक रुंद, पुन्हा अरुंद, पुन्हा रुंद असे चार कोन. शेजारचे दोन मिळून १८०, चार मिळून ३६०. पोळीच्या कडेचे तुकडे सोडले तर मधे कणभर पीठ वाया जात नाही. कडाकण्या किंवा गोल पुऱ्या वाटीनं पाडल्या की मधले टोकेरी तुकडे गोळा करून पुन्हा मळावे लागतात. गोलाला कोपराच नाही, मग सांधा बंद करणार कोण?

पायरी चौथी : दोन-तीन आकार मिसळून

सुसम आकारांचे कोन एका कागदावर लिहून काढा: त्रिकोण ६०, चौरस ९०, पंचकोन १०८, षटकोन १२०, अष्टकोन १३५, दशकोन १४४, द्वादशकोन १५०. आता बेरीज ३६० होईल अशा जोड्या शोधा. सुट्टीच्या दुपारी करायला फार छान काम आहे. ९० + १३५ + १३५. ६० + १२० + ६० + १२०. ९० + १२० + १५०. ६० + १५० + १५०. प्रत्येक सांधा सारखाच असेल अशा मिश्र फरसबंद्या एकूण आठच आहेत.

त्यातली पहिली जोडी आपल्याकडच्या जुन्या घरांत सहज दिसते. सिमेंटच्या फरशीत मोठा अष्टकोन आणि चार अष्टकोनांच्या मधे काळा किंवा लाल छोटा चौकोन. ती घरी करायची कृती अशी. ३० सेंटिमीटरचा चौरस घ्या. प्रत्येक कोपऱ्यापासून दोन्ही बाजूंवर ८.८ सेंटिमीटरवर खुणा करा आणि कोपरे छाटा. उरतो तो सुसम अष्टकोन, बाजू साधारण १२.४ सेंटिमीटर. असे चार शेजारी ठेवले की मधली जागा १२.४ च्या चौरसाची निघते.

पण जुन्या फरश्यांत तो चौकोन बराच लहान असतो. मग तिथं काय केलं आहे? कोपरे कमी छाटले आहेत. ८.८ ऐवजी ५ सेंटिमीटरवर छाटा. अष्टकोनाच्या चार बाजू २० च्या आणि चार ७ च्या जवळपास होतील, मधला चौकोनही ७ चा होईल. कोन मात्र आठही १३५ चेच राहतात, कारण छाट दोन्हीकडून सारखी म्हणजे ४५ अंशांत आहे. सांध्याची बेरीज हलली नाही, म्हणून बाजू आपल्या आवडीनं कमीजास्त करता आल्या. साचा करणाऱ्या कारागिराला हे बरोबर कळलेलं होतं.

आता एक फसवी जोडी. १०८ + १०८ + १४४ = ३६०. दोन पंचकोन, एक दशकोन. बेरीज चोख आहे. पुठ्ठे कापून मांडायला बसा. पहिला सांधा बंद होईल, दुसरा होईल आणि मग कुठंतरी अडेल. का? एका पंचकोनाभोवती चालत जा. प्रत्येक कोपऱ्यावर त्याचे दोनच शेजारी आहेत, एक पंचकोन आणि एक दशकोन. म्हणजे त्याच्या बाजूंना लागून पंचकोन, दशकोन, पंचकोन, दशकोन असा आळीपाळीनं शेजार यायला हवा. पण बाजू पाच आहेत. पाचव्या बाजूचा शेजारी चौथ्यापेक्षाही वेगळा हवा आणि पहिल्यापेक्षाही वेगळा हवा. तसा कुणी नाही. कोनांनी परवानगी दिली, बाजूंनी नाही दिली. म्हणून बेरीज जुळली की लगेच ऑर्डर देऊ नका, दहा-बारा पुठ्ठे मांडून बघा.

पायरी पाचवी : पंचकोन, पण सुसम नाही

पंचकोन बसतच नाही असं समजू नका. सुसम पंचकोन बसत नाही. त्याची समानता जरा मोडली की तो बसायला लागतो. सगळ्यात सोपा म्हणजे मुलं काढतात त्या घरासारखा: खाली दोन काटकोन, दोन उभ्या समांतर भिंती, वर छप्पर. खालचे काटकोन चौघांचे मिळून चौक करतात किंवा दोघांचे मिळून सरळ रेघ. वरच्या तीन कोनांची बेरीज ५४० वजा १८०, म्हणजे परत ३६०. छपराचा उतार कितीही ठेवा, ही बेरीज बदलत नाही.

दुसरा मला फार आवडतो. इजिप्तमध्ये कैरो शहरातल्या पदपथांवर तो घातलेला आहे आणि जगभर त्याला कैरोचंच नाव आहे. तीन कोन १२० चे, दोन ९० चे. करायची कृती: ४.४ सेंटिमीटरची पायाची रेघ काढा. तिच्या दोन्ही टोकांना १२० अंशांत बाहेर झुकणाऱ्या ६–६ सेंटिमीटरच्या बाजू काढा. त्यांच्या टोकांवर गुण्यानं काटकोन करून आतल्या बाजूला ६–६ च्या रेघा काढा. त्या दोन रेघा वर मध्यावर एकमेकींना भेटतात आणि तिथला कोन आपोआप १२० चा होतो. भेटल्या नाहीत तर मोजमाप कुठंतरी चुकलं आहे, पुढं जाऊ नका. असे सोळा तुकडे कापा. दोन तुकडे ४.४ च्या छोट्या बाजूनं एकमेकांना लावा. जोडाच्या दोन्ही टोकांना १२० अंशांची खाच तयार होते आणि तिच्यात तिसऱ्या तुकड्याचं शिखर नेमकं जाऊन बसतं. ही तिकटी झाली. काटकोन मात्र चार-चार जमून चौक करतात. एकाच फरसबंदीत चौकही आहेत आणि तिकट्याही आहेत.

असे बसणारे फुगीर पंचकोन, म्हणजे कुठंही आत न खचलेले, किती प्रकारचे आहेत हे शोधायला गणितज्ञांना जवळजवळ शंभर वर्षं लागली. कार्ल राइनहार्ट यांनी १९१८ मध्ये पाच प्रकार दिले. १९७० च्या दशकात अमेरिकेत मार्जरी राइस या गृहिणीनं मासिकात या कोड्याबद्दल वाचलं आणि घरकाम सांभाळून, स्वतःच ठरवलेल्या खुणांच्या पद्धतीनं, चार नवे प्रकार शोधले. गणिताचं शिक्षण शाळेपुरतंच होतं. पंधरावा प्रकार २०१५ मध्ये सापडला आणि पंधराच्या पुढं एकही नाही हे मिशेल राव यांनी २०१७ मध्ये दाखवलं. मी राइसबाईंची गोष्ट दरवर्षी वर्गात सांगते, आणि पालकसभेत आयांना तर नक्की सांगते.

पायरी सहावी : सहाच्या पुढं

सात किंवा जास्त बाजूंचा फुगीर आकार, सुसम असो वा नसो, एकट्यानं कधीच बसत नाही. कारण पुन्हा सांध्यावर आहे. सांध्यावर निदान तीन कोपरे यावे लागतात, म्हणजे कोपऱ्याच्या वाट्याला सरासरी १२० पेक्षा जास्त येत नाही. कोपरा दुसऱ्या फरशीच्या सरळ बाजूवर टेकला तर १८० मध्येच वाटणी, म्हणजे आणखी कमी. सप्तकोनाच्या कोनांची बेरीज मात्र ९००, सरासरी १२८ च्या वर. मागणी जास्त, जागा कमी.

मग दारासमोरच्या रस्त्यात घालतात ते झिगझॅग पेव्हर ब्लॉक कसे बसतात? त्यांना तर पुष्कळ बाजू असतात. ते फुगीर नाहीत, त्यांना आत खचलेले कोपरे आहेत. एका बाजूला जेवढं बाहेर आलं तेवढंच समोरच्या बाजूला आत गेलं आहे. हे स्वतः करून बघा: एका चौरसाच्या डाव्या बाजूतून वेडावाकडा तुकडा कापा, तो तसाच न फिरवता सरकवत नेऊन उजव्या बाजूला चिकटपट्टीनं लावा. वरच्या बाजूतून दुसरा तुकडा कापा आणि खाली सरकवून लावा. मासा, पक्षी, काहीही होऊ द्या. तो आकार बसणारच. कोन एकीकडून काढला तो दुसरीकडे दिला, चौकातली बेरीज ३६० च राहिली.

पुठ्ठे कापत बसणं हे पोरखेळ आहे असं कुणाला वाटत असेल तर त्यांच्यासाठी: इंग्लंडमधले डेव्हिड स्मिथ, निवृत्त गृहस्थ, असेच कागदी तुकडे कापून मांडत बसले होते. त्यातून तेरा बाजूंचा एक आकार निघाला, जो सगळी जमीन भरतो पण ज्याची नक्षी पुन्हा त्याच क्रमानं कधीच येत नाही. तीन गणितज्ञांबरोबर त्यांनी तो २०२३ मध्ये जगापुढं मांडला.

पायरी सातवी : प्रत्यक्ष अंगणात

कागदावर १२० लिहिणं वेगळं आणि हातातली फरशी १२० ची असणं वेगळं. षटकोनी फरशीचा कोन ११९ चा भरला तर तीन मिळून ३५७, फट ३ अंशांची. १५ सेंटिमीटरच्या बाजूवर ती दुसऱ्या टोकाला जवळजवळ ८ मिलिमीटर उघडते. दोन-तीन मिलिमीटरच्या सांध्यात ग्राउट भरून हे लपत नाही, आणि पुढच्या ओळीत चूक वाढत जाते. म्हणून दुकानात वेगवेगळ्या खोक्यांतल्या तीन फरश्या मागून घ्या, जमिनीवर एका बिंदूला जुळवा. मग एकेक फरशी जागच्या जागी एक कोपरा पुढं फिरवून पुन्हा जुळवा. सगळ्या तऱ्हांनी सांधा बंद झाला तर माल चांगला. हा तपास पाच मिनिटांचा आहे आणि कुठलाही भला दुकानदार तो करू देतो.

जुन्या घरांच्या भिंती काटकोनात नसतात. पहिली ओळ भिंतीला धरून घालू नका, दोरीला धरून घाला. कोपऱ्यापासून एका दोरीवर ३ फूट, दुसरीवर ४ फूट खूण करा; खुणांमधलं अंतर ५ फूट भरलं तर काटकोन आहे.

मोजणी अशी. १५ सेंटिमीटर बाजूच्या षटकोनाचं क्षेत्रफळ सुमारे ५८५ चौरस सेंटिमीटर. १० बाय १२ फुटांच्या जागेला १९१ फरश्या लागतात. कडेला कापाकापी होते, म्हणून मी २१० घ्यायला सांगेन.

भिंतीकडे षटकोन अर्धे करावे लागतात आणि ते दोन तऱ्हांनी होतात. कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात कापला तर ६०, १२०, १२०, ६० चा समलंब चौकोन मिळतो. बाजूच्या मध्यातून समोरच्या बाजूच्या मध्यात कापला तर ९०, १२०, १२०, १२०, ९० चा पंचकोन मिळतो, म्हणजे आपलं मघाचं घर. खोलीच्या दोन बाजूंना एक तऱ्हा लागते, उरलेल्या दोन बाजूंना दुसरी. कापणाऱ्याला दोन्ही साचे पत्र्यात करून द्या. उद्यमनगरात असा साचा कुणीही कापून देतं. तोंडी सांगितलं की हमखास एकाच तऱ्हेचे तुकडे जास्त होतात.

फट उरली तर तीच मोजा

अंगणात शेवटी षटकोनी फरशी बसली. परड्यातले चाळीस पंचकोन मात्र मनातून जाईनात. एका रविवारी वर्गातले छोटे पुठ्ठ्याचे पंचकोन घेऊन बसले आणि फट टाळायच्या ऐवजी तिलाच आकार मानलं. पंचकोनांची एक ओळ मांडा, सगळ्यांची शिखरं वर, शेजाऱ्यांची फक्त डावी-उजवी टोकं एकमेकांना टेकलेली. टेकलेल्या टोकांच्या वर १०८ अंशांची खाच दिसते. तिच्यात उलटा पंचकोन बरोबर बसतो. टोकांच्या खाली ३६ अंशांची फट उरते. उलट्या पंचकोनांच्या सपाट पायांवर पुढची सरळ ओळ पायाला पाया लावून ठेवा. आता वरची फट आणि खालची फट मिळून एक लांबट समभुज चौकोन तयार होतो. टोकाला ३६, रुंद कोपऱ्यात १४४. सांधे तपासा: १०८ + १०८ + १०८ + ३६, आणि दुसरीकडे १०८ + १०८ + १४४. दोन्ही ३६०. मघाशी पंचकोन-दशकोनाच्या जोडीत फसलेली तीच बेरीज इथं चालून जाते, कारण १४४ चा कोपरा आता दशकोनाचा नाही.

पंचकोन आणि अशा चौकोनांची जुळणी जर्मन चित्रकार अल्ब्रेख्ट ड्यूरर यांनी १५२५ च्या आपल्या भूमितीच्या ग्रंथात काढलेली आहे, हे मला नंतर कळलं. आनंद झाला, पाचशे वर्षांनी का होईना, आपण त्याच सांध्यावर येऊन उभे राहिलो.

दोन पंचकोनांमागं एक चौकोन लागतो, म्हणजे चाळिसांना वीस. बाजू २० सेंटिमीटरच ठेवायची. लांब कर्ण ३८ आणि आडवा कर्ण १२.४ सेंटिमीटर येतो. कर्णांच्या मापानं खूण केली की कोनमापक लागत नाही. ३६ अंशांचं टोक शहाबादीत उडतं, म्हणून कटर टोकाकडून आत न नेता मध्याकडून टोकाकडे न्यायला सांगितलं, आणि चार तुकडे जादा कापले. तीन उडालेच. सगळं मिळून सव्वातीन चौरस मीटरच्या आतली जागा भरली, परड्यात न्हाणीपासून तुळशीपर्यंतची. मामांनी शेवटचा चौकोन फटीत सोडला, वरून थापीच्या दांड्यानं दोनदा ठोकलं, आणि सांध्यावरून बोट फिरवून बघितलं.

‘‘आता बसली, बाई.’’